जुना बंब मोडीत घालण्यापूर्वी
वसई-विरार भागातील शेतकरी कुटुंबांसाठी गरम पाण्याच्या सोयीचा विचार

वसईच्या बागायती पट्ट्यात, म्हणजे अर्नाळा-आगाशीपासून निर्मळ, भुईगाव, गिरीज व गासपर्यंतच्या वाड्यांत, मागील दारी तांब्याचा बंब नाही असे जुने घर पूर्वी विरळाच असे. झावळ्या, पोयी, करवंट्या, आंब्याच्या वाळलेल्या डहाळ्या असे वाडीतलेच सरपण त्यात जाई आणि घरातील माणसांची स्नाने एकामागून एक उरकत. आता हे बंब एकेक करून निकामी होत आहेत. कोणाचा सांध्यातून गळतो, कोणाचे मधले नळकांडे जळून पातळ झाले आहे, आणि डाग देणारा कारागीर पूर्वीसारखा दारावर येत नाही. कोठे घर नव्याने बांधताना बंबाला जागाच ठेवलेली नसते. अशा वेळी घाईने बाजारात जाऊन दुकानदार दाखवील ते यंत्र उचलून आणण्याची प्रवृत्ती दिसते. ही खरेदी दहा-पंधरा वर्षांची असते, आणि चुकीच्या निवडीत पैशाप्रमाणे क्वचित प्राणही जातो. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी याबाबतीत शेतकऱ्यांस नीट सल्ला द्यावा, या हेतूने पुढील माहिती दिली आहे.

जुन्या बंबाची रचना

बंब हे साधे दिसले तरी विचारपूर्वक केलेले साधन आहे. मध्ये उभे नळकांडे, तळाशी जाळी व राखेचे भांडे, नळकांड्याभोवती पाणी आणि खाली तोटी, अशी त्याची रचना असते. जाळ पाण्याच्या मधोमध असल्याने त्याच्या चारही अंगांनी पाणी तापते. तीन दगडांच्या उघड्या चुलीवर हंडा ठेवला तर सरपणातील उष्णतेचा फार तर आठवा भाग पाण्यात उतरतो. बाकीची वाऱ्यावर जाते. चांगल्या बंबात एक तृतीयांश उष्णता पाण्यात उतरते असे धरले, तर शंभर लिटर पाणी २० अंशांनी तापविण्यास सुमारे पावणेदोन किलो कोरडे लाकूड लागते. उघड्या चुलीवर त्याच कामाला साडेचार किलोच्या वर लागेल. यावरून बंब टाकून देऊन पुन्हा चुलीवर हंडा चढविणे हा सर्वांत महाग पर्याय ठरतो, हे लक्षात यावे.

बंबाचा मोठा दोष म्हणजे धूर. पहाटे तो पेटविणाऱ्या स्त्रीच्या डोळ्यांवर व छातीवर त्याचा परिणाम होतो, आणि हे काम बहुधा घरातील एकाच बाईच्या वाट्याला वर्षानुवर्षे आलेले असते. ओल्या झावळ्या व हिरवी सोडणे घातल्याने धूर दुप्पट होतो. काही घरांत प्लास्टिकच्या पिशव्या, रंग दिलेली फळकुटे असा कचराही बंबात घालतात. तो धूर विषारी असतो; ही सवय ताबडतोब सोडावी.

दुसरा दोष खताचा. शेणाच्या गोवऱ्या बंबात जाळल्या म्हणजे त्यातील नत्र धुराबरोबर निघून जाते आणि मागे केवळ राख उरते. करवंट्या अवश्य जाळाव्यात, त्या लवकर कुजत नाहीत. पण नारळाची सोडणे माडाच्या आळ्यात पुरली तर ती ओल धरून ठेवतात आणि त्यांतील पालाश झाडास मिळते. सरपणाचा हिशेब करताना "ते फुकटच आहे" असे म्हणण्यापूर्वी ते शेतात काय कामास आले असते, याचाही विचार करावा. लाकडाची राख मात्र केळीच्या व भाजीपाल्याच्या वाफ्यांना द्यावी.

आधी पाण्याचे माप, मग यंत्र

पाच माणसांच्या घराला प्रत्येकी एक बादली, म्हणजे सुमारे २० लिटर सोसवेल असे पाणी लागते. एकूण शंभर लिटर, ४० अंशांच्या आसपास तापलेले. एक लिटर पाणी एक अंशाने तापविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते आणि विजेच्या एका युनिटात ८६० किलोकॅलरी असतात. एवढ्या दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या की कोणत्याही दुकानदाराचे म्हणणे कागदावर पडताळून पाहता येते.

येथे एक जुनी गोष्ट उपयोगी पडते. विहिरीचे पाणी थंडीत कोमट लागते, हे सर्वांना ठाऊक आहे. जमिनीखालचे पाणी वर्षभर सव्वीस अंशांच्या आसपास राहते. गच्चीवरील टाकीत रात्रभर पडलेले पाणी पौष महिन्याच्या पहाटे वीस अंशांपर्यंत उतरते. ताजे उपसलेले पाणी तापवायचे तर शंभर लिटरला १,४०० किलोकॅलरी पुरतात, टाकीतले तापवायचे तर २,००० लागतात. म्हणजे केवळ पाणी पहाटे विहिरीतून घेतल्याने जवळजवळ तिसरा हिस्सा इंधन वाचते. या बचतीस पै लागत नाही, आणि कदाचित म्हणूनच ती कोणी सांगत नाही.

माप घेताना वेळेचीही नोंद करावी. ज्या घरातील माणसे मोगरा, पालेभाजी किंवा केळीची पाने घेऊन पहाटेच्या गाडीने दादरला जातात, त्यांना तीन-साडेतीन वाजता गरम पाणी लागते. जे दिवसभर वाफ्यांत राबून संध्याकाळी स्नान करतात, त्यांची गरज सूर्यास्तानंतर लगेचची. बाळंतीण, तान्हे मूल किंवा वृद्ध माणूस घरात असल्यास भर दुपारीही पाणी तापवावे लागते. एकच यंत्र या तिन्ही घरांना सारखेच सोयीचे होत नाही.

खारे व जड पाणी

समुद्रालगतच्या गावांत विहिरींचे पाणी मचूळ होत गेल्याची तक्रार जुनी आहे. उपसा वाढला, बावखले बुजविली गेली आणि गोड्या पाण्याचा दाब कमी होऊन खारे पाणी आत शिरले. ज्या घरी सूर्या प्रकल्पाचे पाणी नळाने येते तेथे अडचण कमी. पण स्नानासाठी विहीरच वापरणारी घरे अद्याप पुष्कळ आहेत.

पाणी जड आहे की नाही हे घरीच कळते. साबणाला फेस येत नाही, आणि बंबाच्या आत पांढरी खपली धरते. ही खपली उष्णतेला अडविते. विजेच्या यंत्रात तापकावर ती बसली की तापक आतून जळतो. खारेपणाचा परिणाम वेगळा आहे. क्षारयुक्त पाणी गरम असताना साध्या पोलादी टाकीस, आणि पुष्कळदा स्टेनलेस पोलादासही, बारीक छिद्रे पाडते. म्हणून खरेदीपूर्वी पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण जडपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम व क्लोराइडची २५० मिलिग्रॅम आहे. यंत्राच्या बाबतीतही हेच आकडे खूण म्हणून धरण्यास हरकत नाही. क्लोराइड त्यापेक्षा बरेच अधिक निघाल्यास आतून काचेचा मुलामा दिलेली टाकी घ्यावी आणि तिच्यातील मॅग्नेशियमची कांडी दरवर्षी काढून पाहावी. ही कांडी टाकीऐवजी स्वतः झिजते. ती संपली तरी यंत्र चालूच राहते, त्यामुळे टाकी गळू लागेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

विजेचे बंब

साठवणीचा विजेचा बंब, ज्याला सर्वत्र गिझर म्हणतात, त्याची वापरण्याची सोय निर्विवाद आहे. पंधरा लिटरच्या टाकीत पाणी ६० अंशांवर नेले आणि त्यात वीस अंशांचे पाणी मिसळले तर ४० अंशांचे तीस लिटर पाणी मिळते. म्हणजे दीड बादली. पुढच्या माणसाने वीस-पंचवीस मिनिटे थांबावे. पाच माणसांच्या घरास पंचवीस लिटरची टाकी बरी. टाकीवर आय.एस. २०८२ ही मानक खूण व ऊर्जाबचतीच्या ताऱ्यांची पट्टी पाहावी. अधिक ताऱ्यांच्या यंत्रात साठविलेल्या पाण्याची उष्णता कमी वाया जाते. उष्णतेचा काटा ६० अंशांच्या वर नेऊ नये. त्यापुढे खपली झपाट्याने धरते आणि मुलांना भाजण्याचा धोका वाढतो. बादलीत नेहमी थंड पाणी आधी घ्यावे, गरम मागून.

खर्च असा : वर सांगितलेल्या शंभर लिटरला दररोज सुमारे अडीच युनिटे, महिन्यास पंचाहत्तर. घरगुती विजेचे दर टप्प्याटप्प्याने चढतात. ज्या घराचा वापर आज टप्प्याच्या काठावर आहे, त्याची ही पंचाहत्तर युनिटे वरच्या दराने पडतील. शेजाऱ्याला किती बिल येते यावरून अंदाज बांधणे म्हणूनच फसवे आहे. आपलेच मागील बिल काढून पाहावे.

तात्काळ पाणी तापविणारे तीन किलोवॅटचे छोटे यंत्र स्वस्त असते. ते मिनिटाला दोनच लिटर पाणी २० अंशांनी तापवू शकते, तेही विजेचा दाब पुरा असेल तर. दाब २३० वरून १९० व्होल्टपर्यंत उतरला की त्याची शक्ती जवळजवळ एक तृतीयांशाने घटते. वाडीच्या टोकाला, रोहित्रापासून दूर असलेल्या घरांनी हे ध्यानात घ्यावे. दोन्ही यंत्रांना वेगळी तांब्याची तार, १६ अँपिअरचा खटका, पक्के अर्थिंग आणि गळतीचा प्रवाह तोडणारा स्विच हवाच. बादलीत सोडावयाचा रॉड स्वस्त खरा. पण लोखंडी बादलीत तो सोडून, खटका चालू असतानाच पाण्यात हात घालून ऊब पाहण्याची जी पद्धत आहे, ती जिवाशी खेळणारी आहे.

गॅसचा बंब आणि बंद न्हाणीघर

गॅसचे यंत्र कमी खर्चाचे आहे, हे मान्य करावे लागेल. शंभर लिटर पाण्यास पाव किलोहून थोडा कमी गॅस लागतो, १४.२ किलोचे सिलिंडर केवळ पाण्यासाठी वापरले तर दोन महिने पुरते. वीज गेली तरी पुष्कळ यंत्रे चालतात. या गुणांमुळे ती खपतात, आणि नेमकी न्हाणीघराच्या भिंतीवर बसविली जातात.

तेथेच धोका आहे. ज्वलनास हवा लागते. चार फूट बाय पाच फुटांच्या न्हाणीघरात दार लावून, खिडकीच्या फटी बुजवून कोणी स्नान करीत असता यंत्र तेथील प्राणवायू वापरून टाकते. मग ज्वलन अपुरे होऊन कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्यास रंग नाही, वास नाही. तो रक्तातील लाल द्रव्यास प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो. प्रथम डोके जड होते, मळमळते, पायांतील शक्ती जाते. कडी काढण्याचे भान राहीपर्यंत माणूस बाहेर येऊ शकला तर वाचतो. गॅसची गळती असती तर वास आला असता. येथे गळती नसते, म्हणूनच घरची माणसे निर्धास्त असतात.

यास्तव गॅसचे यंत्र न्हाणीघराबाहेर, उघड्या पडवीत किंवा बाहेरच्या भिंतीवर बसवावे आणि केवळ गरम पाण्याचा नळ आत न्यावा. बाहेर जागा नसेल तर ते घेऊच नये. न्हाणीघरास पंखा बसविला की झाले, हा दुकानातील सल्ला पुरेसा नाही. पंखा बिघडतो, त्याचे बटण विसरते, आणि त्यास बाहेरून हवा येण्यास वाट नसेल तर तो निरुपयोगीच असतो.

हाच नियम जुन्या बंबालाही लागू आहे. नवे घर बांधताना पडवी नाहीशी होते आणि बंब न्हाणीघरात येतो. निखाऱ्यांतूनही तोच वायू निघतो. बाळंतिणीच्या खोलीत दारे-खिडक्या लावून शेगडी ठेवण्याच्या पद्धतीविषयीही कार्यकर्त्यांनी घरोघरी बोलावे. मोठ्या माणसाने तेथे थोडा वेळ बसून पाहिले आणि काही झाले नाही, म्हणजे तान्ह्या मुलास धोका नाही असे होत नाही.

सौर बंब

वसई भागातील वाडीच्या घरांना एकंदरीत सौर बंबच सर्वांत सोयीचा, असे म्हणता येते. मात्र माथ्यावर मोकळे आकाश असले पाहिजे. नेमकी हीच येथील अडचण आहे. घरे माडांच्या व आंब्यांच्या सावलीत वसलेली आहेत. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे घराच्या दक्षिणेस असलेल्या माडांची सावली सर्वांत लांब पडते, आणि गरम पाण्याची गरजही तेव्हाच अधिक असते. म्हणून जागा उन्हाळ्यात न पाहता मार्गशीर्ष-पौषात पाहावी. सकाळी नऊ ते दुपारी तीनपर्यंत दर तासाला सावली कोठे पडते याच्या खुणा कराव्यात. यंत्रासाठी फळता माड तोडण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये. त्याऐवजी वाडीतील उघड्या जागी, विहिरीजवळ किंवा अंगणात, लोखंडी चौथऱ्यावर यंत्र बसविता येते. माडाखाली मात्र ते बसवू नये, एक नारळ किंवा वाळलेली झावळी पडली तर काचेच्या नळ्या फुटतात. २०२१ च्या मे महिन्यातील तौक्ते वादळाने किनाऱ्यावर काय केले ते सर्वांच्या स्मरणात आहे. सांगाडा गच्चीला वा चौथऱ्याला बोल्टांनी जखडलेला असावा, नुसता विटा ठेवून दाबलेला नसावा. खाऱ्या वाऱ्यात साधा रंग टिकत नाही, सांगाड्यास जस्ताचा जाड मुलामा हवा.

यंत्राचे तोंड दक्षिणेकडे आणि उतार तीस अंशांच्या आसपास ठेवावा. वसई सुमारे साडेएकोणीस अक्षांशावर आहे. उतार त्याहून थोडा अधिक ठेवल्याने हिवाळ्याचे ऊन चांगले मिळते. पाण्यासकट शंभर लिटरच्या यंत्राचे वजन दीडशे किलोच्या घरात जाते. मंगळुरी कौलांच्या छपरावर ते चढवू नये.

आता आकार. विक्रेते पाच माणसांस दोनशे लिटर सुचवितात. शंभर लिटर पाणी ६० अंशांवर असले आणि रात्रीतून ते ५२ पर्यंत उतरले, तरी त्यात वीस अंशांचे पाणी मिसळून ४० अंशांचे दीडशे लिटरांहून अधिक पाणी पहाटे मिळते. पहाटेच्या गाडीला जाणाऱ्या माणसाचीही सोय त्यात होते. दोनशे लिटरचा खर्च एकत्र कुटुंबानेच करावा.

दोन प्रकारांपैकी सपाट पत्र्याच्या यंत्रात तांब्याच्या बारीक नळ्या असतात. जड पाण्यात त्या खपलीने भरतात. निर्वात काचनळ्यांचे यंत्र स्वस्त असून त्याच्या रुंद नळ्या साफ करता येतात, म्हणून विहिरीच्या पाण्यास ते बरे. पाणी अतिशय खारे असल्यास अंतर्गत नळीतून गोडे पाणी वेगळे फिरविणारी रचना मागावी. काचनळ्या भर उन्हात कोरड्या ठेवून नंतर त्यांत थंड पाणी सोडू नये, त्या तडकतात. टाकी रिकामी झालीच असेल तर दुसऱ्या दिवशी सूर्योदयापूर्वी भरावी.

यंत्रापासून न्हाणीघरापर्यंतचा नळ जेवढा लहान तेवढा चांगला. २० मिलिमीटर आतील व्यासाच्या वीस मीटर नळात सहा लिटर पाणी मावते. तेवढे थंड पाणी सोडल्याशिवाय गरम पाणी येत नाही. ते बादलीत धरून झाडांना घालावे. नळास उष्णतारोधक वेष्टण हवे, आणि साधा पी.व्ही.सी. नळ गरम पाण्यास चालत नाही.

अनुदानाबाबत गैरसमज आढळतो. सौर बंबासाठी केंद्राचे भांडवली अनुदान पूर्वी होते, ते २०१४ पासून बंद झाले. २०२४ साली सुरू झालेली पंतप्रधान सूर्यघर योजना छतावरील वीज निर्माण करणाऱ्या पॅनेलांसाठी आहे, पाणी तापविणाऱ्या यंत्रासाठी नव्हे. तिच्या नावावर कोणी सौर बंब विकू लागल्यास पैसे देऊ नयेत.

पूर्वेकडील गावे

महामार्गापलीकडे, तुंगारेश्वरच्या पायथ्याच्या गावपाड्यांत, प्रश्न निराळा आहे. तेथे पुष्कळ घरांत बंब कधी नव्हताच. चुलीवर हंडा चढतो आणि सरपणाची मोळी डोक्यावरून येते. तुंगारेश्वर २००३ पासून अभयारण्य असल्याने तेथून लाकूड आणण्यावर निर्बंध आहेत. अशा घरांस महागडे यंत्र सुचविण्यापेक्षा धुराडे असलेली सुधारलेली चूल आणि झाकणाचा हंडा सांगावा. चार-पाच गुरे बांधलेली असतील तर गोबर गॅसचा विचार अवश्य व्हावा. रोज पन्नास किलो शेणावर दोन घनमीटर गॅस मिळतो. स्नानाच्या पाण्यास त्यातला पाऊण घनमीटर लागतो, उरलेल्यावर स्वयंपाक होतो आणि मळी खतास मिळते. गोबर गॅसच्या शेगडीसही मोकळी हवा लागतेच.

पावसाळा आणि जुना बंब

ज्येष्ठ संपता संपता आकाश भरते आणि भाद्रपदापर्यंत सौर बंबाचा भरवसा राहत नाही. त्या काळासाठी पुष्कळजण सौर टाकीतच विजेचा तापक बसवून घेतात. तो खटका चालू राहिला तर शंभर लिटर पाणी विनाकारण तापत राहते व बिल फुगते. ज्या घरी तांब्याचा बंब दुरुस्तीजोगा आहे, त्या घराने तो मोडीत न घालता पावसाळ्याच्या जोडीस ठेवावा, हे उत्तम. मोडीत तांब्याचे वजन पाहून पैसे मिळतात, घडणावळ मिळत नाही. तसा बंब पुन्हा घडवून घ्यावयाचा तर दोन्ही द्यावी लागतात. करवंट्या व वाळक्या डहाळ्या मृगाच्या आत पागोळ्यांपासून दूर, फळीवर रचून ठेवाव्यात. चार महिन्यांचे सरपण कोरडे असले तर धुराची तक्रार निम्म्याने कमी होते.

दुरुस्तीपूर्वी बंब पाण्याने भरून रात्रभर कोरड्या फरशीवर ठेवावा. सकाळी ओल कोठे आहे ते पाहून खडूने खूण करावी. गळती सांध्यात असेल तर डाग देऊन काम होते. नळकांडेच विरले असेल तर ते बदलावे लागते, आणि तो खर्च नव्या सौर यंत्राच्या किमतीशी ताडून पाहावा. डाग देण्याच्या झाळीत पुष्कळदा शिसे असते, म्हणून बंबातील पाणी पिण्यास किंवा स्वयंपाकास घेऊ नये. आतील खपली चिंचेच्या किंवा लिंबाच्या पाण्याने काढावी, तेजाब वापरू नये. पेटविण्यापूर्वी पाणी तोटीच्या वर पुरेसे आहे ना हे पाहावे. रिकामा बंब पेटविला तर सांधे वितळतात. पावसाळा संपल्यावर तो उपडा करून, तोटी उघडी ठेवून, पूर्ण वाळवून मगच माळ्यावर चढवावा.